एकाच कोपीची येळवस

येळवशीच्या दिवशी धाराशिवात तुम्हाला साधी चहाची पुडी मिळायची नाही. सकाळी नऊच्या आत शटरं खाली येतात, रिक्षा गायब होतात आणि बसस्टँडवर दोन कुत्री नि एखादा चुकलेला पाहुणा उरतो. नव्यानं बदलून आलेल्या साहेबांना वाटतं कुणीतरी बंद पुकारलाय. बंद कसला, मार्गशीर्षातली अमावस्या असते आणि आमच्याकडं त्या दिवशी कुणी घरात जेवत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारमारून जेवायला बसवतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या करून कोप करायची, म्हणजे कमरेएवढी झोपडी. आत पाच दगड, चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेची तांबडी बोटं ओढलेली. ते पांडव. प्रत्येक घराचे पांडव त्याच्या त्याच्या शेतात. दरवर्षी त्यांच्यावर चुन्याचा नवा हात बसतो, त्यामुळं जुन्या घरांचे पांडव दगड म्हणून ओळखू येत नाहीत, चुन्याचे जाड गोळे झालेले असतात. त्यांच्यापुढं आंबिलीचं मडकं, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे पुण्याकडच्या लोकांना वाटते तशी तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चिंच, शेंगदाणे, वरून बेसन, असं रानात असेल ते सगळं एका पातेल्यात शिजतं. आदल्या दिवसापासून घरात आंबील आंबल्याचा वास सुटतो. 

मी यंदा निवृत्त झाले. तीस वर्षं इतिहास शिकवला. 'सोव्हिएत युनियनचे विघटन का झाले?' हा पाच गुणांचा प्रश्न मी किती वेळा तपासला असेल, देव जाणे. मुलं गाइडातली कारणं उतरवायची. सगळे निर्णय वरून, एकाच पक्षाची सत्ता, दुकानात माल नाही, कामात उत्साह नाही. कारणं बरोबरच होती, मी मुकाट पाच गुण द्यायचे. पण एखाद्या पोरानं चुकून स्वतःच्या शब्दांत 'कारण ते सगळ्यांचे होते' असं काहीतरी लिहिलं की मला आमच्या रानातला हरभरा दिसायचा. मग चष्मा पुसून पुढचा पेपर घ्यायचा.

आमचं गाव मुरुमच्या पलीकडं. कर्नाटकची हद्द तिथून चालत जाण्याएवढी. माझे वडील, अण्णा, लाल बावट्याचे. चौदा एकर काळं रान असलेला माणूस मजुरांच्या मोर्चात पुढं चालायचा, मजुरांसाठी तुरुंगात जाऊन आला होता, याची गावाला मोठी गंमत वाटायची. आमच्या घरी रशियातून एक गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. त्यात ट्रॅक्टरवर बसलेल्या गालफुगऱ्या बायका, मागं समुद्रासारखा गहू. वाचून झालं की त्या पानांची मी वह्यांना कव्हरं घालायचे. आई ते फोटो बघून म्हणायची, "एवढे दात दाखवून कोण काढणी करतं गं? हिला कुणी पाणी तरी दिलं का विचार." अण्णा हसायचे. त्या काळात त्यांना लवकर हसू यायचं.

मी बीएड करून घरी बसले होते त्या उन्हाळ्यात अण्णांनी पाच घरांना एकत्र आणलं. ओढ्याला लागून आमच्या शेजारची चार रानं आणि आमचं एक. बैल कुणाकडं एकच, विहीर कुणाची अर्धवट, असा सगळा प्रकार. अण्णा म्हणाले, बांध मोडू, एक शेत करू, मिळून कसू, सारखं वाटून घेऊ. अण्णांचा शब्द गावात मोठा. आणि त्यांनी पाच घरांत सहावं घर धरलं, ते गुणामावशीचं.

गुणामावशीचा नवरा आमच्याकडं सालगडी होता, तो साप चावून गेला. तिला एक पोरगा, बारा-तेरा वर्षांचा. शेत तिला नव्हतं, तिच्या आईला नव्हतं, सासूला नव्हतं. "हिचा वाटा कसला?" असं किसनकाकांनी विचारलं होतं. किसनकाका म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, ओढ्याकाठचं रान त्यांचं. अण्णा म्हणाले, "जमीन कसणाऱ्याची असती किसन. आपल्यात सगळ्यात जास्त कसती ती."  सातबारे मात्र ज्याचे त्याच्या नावावरच राहिले. अण्णा म्हणायचे, कागदाचं मागाहून बघू, आधी माणसं एक होऊ देत.

पहिली येळवस मला अशी आठवते की आता उठून त्यात जाऊन बसावं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं फुटायच्या बेतात, करडईवर काटे धरायला लागलेले, थंडी अशी की आंबिलीचा पेला दोन्ही हातांत धरावासा वाटावा. बांध नव्हते, पण जुन्या जागी पाच कोपी उभ्या राहिल्या होत्या. आणि ओढ्यापाशी सहावी. गुणामावशीनं ओढ्यातून पाच दगड निवडून आणले होते. आठ दिवस ती निवडत होती. एक आणायची, नको म्हणून परत टाकायची. चुन्याचा एकच हात दिलेला, खालचा निळसर दगड दिसत होता. दरवर्षी ती आमच्या कोपीपासून चार हात लांब बसून जेवायची. त्या दिवशी नवं लुगडं नेसून आमच्या कोपीपाशी आली आणि आईला म्हणाली, "वैनी, आज माज्या शेतात जेवाया या."

माज्या शेतात, असं म्हणताना तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा सगळ्यांच्या आधी उठले आणि तिच्या कोपीपुढं मांडी घालून बसले. किसनकाकाही आले, जरा उशिरा आले, पण जेवले. तिच्या भज्जीत मीठ जास्त झालं होतं आणि कुणी म्हणून सांगितलं नाही. मला वाटतं अण्णांना आयुष्यात जे काही बघायचं होतं ते त्यांनी त्या दुपारी बघितलं.

मग हळूहळू सगळं बिघडत गेलं, आणि ते कुणाच्या दुष्टपणानं नाही, हेच मला अजून खातं. दुसऱ्या वर्षाच्या हरभऱ्यातली एक दुपार सांगते. मी डबा घेऊन विहिरीवर गेले होते. शेजारच्या चारी घरांचे कर्ते, किसनकाकाही, तंबाखू मळत बसले होते आणि समोर किसनकाकांची शेळी हरभऱ्यात शिरून घाटे ओरबाडत होती. चौघंही बघत होते. एकजण म्हणाला, "हाकला की कुणीतरी." दुसरा म्हणाला, "किसनची हाय, किसन हाकलंल." किसनकाका शांतपणे म्हणाले, "शेळी माजी हाय बाबा, पर हरभरा काय माज्या एकट्याचा हाय?" सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात पार पलीकडच्या टोकाला खुरपणारी गुणामावशी खुरपं उगारून, शिव्यांची लाखोली वाहत पळत आली आणि शेळीला ओढ्यापार घालवून आली. धाप लागली होती तिला. चौघांकडं बघून म्हणाली, "डोळे फुटलेत काय तुमचे?"

या चौघांचं आपापलं रान असताना ते त्यात पाखरू बसू द्यायचे नाहीत. बैलांचं तेच. स्वतःच्या बैलाला आधी पाणी पाजून मग स्वतः पिणारी माणसं, आता बैल सगळ्यांचे म्हटल्यावर प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्यानं पाजलं असेल. पोळ्याला शिंगं रंगवताना बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. गुणामावशी एकटी तशी नव्हती. बाकीच्यांचं आपलं होतं ते सगळ्यांचं झालं होतं. तिचं काहीच नव्हतं, ते सगळ्यांचं झाल्यावर थोडं तिचं झालं होतं.

आणि अण्णांना यातलं काही कळत नव्हतं, कारण कुणी सांगत नव्हतं. दर अमावस्येला आमच्या ओसरीवर बैठक व्हायची. अण्णा विचारायचे, काही तक्रार? "न्हाय अण्णा. सगळं दुरुस्त हाय." पुढं नोकरीत मी वाचलं, की रशियात सामूहिक शेतात आटत जाणारं पीक कागदावर मात्र वाढत जायचं, खरं लिहिण्याची कुणाची छाती नव्हती, आणि त्या खोट्या आकड्यांवर धान्य उचलून नेल्यावर लाखो माणसं उपाशी मेली. त्याच शेतकऱ्यांच्या घरामागचा वीतभर खाजगी तुकडा मात्र हिरवागार असायचा. वाचून पुस्तक मिटलं होतं मी. आमच्याकडं कसलाच जुलूम नव्हता. अण्णांनी कुणावर कधी आवाज चढवला नाही. तिथं लोक भीतीनं गप्प बसले, आमच्याकडं मानापोटी. अण्णांसारख्या माणसाला वाईट कसं सांगायचं? मी सुद्धा शेळीची गोष्ट घरी सांगितली नाही. त्यांचं मन मोडेल म्हणून सांगितली नाही. आता वाटतं, सांगायला पाहिजे होती.

अण्णांच्या एक गोष्ट मात्र लक्षात आली. ज्याची कोप जिथं उभी राहायची, तिथलं तण प्रत्येकजण न सांगता काढायचा. आमच्या पांडवांभोवती आमच्या गड्यानं खुरपलेलं, किसनकाकांच्या पांडवांभोवती त्यांनी. मधलं रान तणानं भरलेलं. अण्णांनी यावर खूप विचार केला आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. बैठकीत म्हणाले, "जमिनीवरचे बांध मोडले, मनातले राहिले. औंदा एकच कोप करू. सगळ्यांचे पांडव एका जागी. एक शेत, एक कोप." सगळे जमिनीकडं बघत होते. मग किसनकाका म्हणाले, "व्हय अण्णा. दुरुस्त हाय." बाया आत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. अण्णा देव मानत नव्हते. त्यांच्या लेखी ते दगड होते आणि दगड उचलून दुसरीकडं ठेवता येतात.

त्यांनी आणि किसनकाकांनी जाऊन टोपलीनं दगड आणले आणि रानाच्या मधोमध लिंबाखाली ओतले. सहा घरांचे तीस.

येळवशीच्या सकाळी आम्ही बाया डोक्यावर पाट्या घेऊन, घोंगडी पांघरलेले पुरुष पुढं, अशा निघालो. लिंबाखाली कोप मोठी झोकात उभी केली होती, तिला लाल कापडही बांधलं होतं अण्णांनी. आईनं पाटी खाली ठेवली आणि त्या ढिगाकडं बघत राहिली. मग विचारलं, "ह्यातले आमचे कुठले?"

अण्णा म्हणाले, "सगळेच आपले."

 आई अण्णांना कधी चारचौघांत उलट बोलायची नाही. ती फक्त खाली बसली आणि एकेक दगड हातात घेऊन फिरवून बघायला लागली. मग किसनकाकांची बायको बसली, मग बाकीच्या. प्रत्येकीच्या सासूनं, सासूच्या सासूनं ज्याला चुना लावला तो दगड तिला ओळखू यायला हवा होता, आणि येत नव्हता. सगळे सारखे जाड, सारखे पांढरे. एकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी. पुरुष लांब जाऊन बसले. भज्जी गार होत गेली.

ओळखू येत होते ते फक्त पाच. चुन्याचे दोनच हात बसलेले, खालून निळे दिसणारे. निवडताना जे सोपं ते आधी बाजूला काढतात, तसंच झालं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, मी तिथं होते, मी शपथेवर सांगते. कुणीतरी म्हणालं, "ही गुणाची. ही कडंला ठिवा." आणि ते कडंला ठेवले गेले. उरलेले पंचवीस मग अंदाजानं पाच पाच वाटून घेतले, आणि ज्याचे ते उचलून माणसं आपापल्या जुन्या जागेकडं चालायला लागली. मोठ्या कोपीचाच कडबा उपसून नेला. दुपार व्हायच्या आत पाच जागी पाच कोपी उभ्या होत्या.

गुणामावशी आपले दगड पदरात घेऊन लिंबाखाली उभी होती. मागच्या वर्षी तिनं ओढ्यापाशी मांडले होते, ते किसनकाकांचं रान. तिथं आता किसनकाकांची बायको ओट्यासारखं सारवून घेत होती. गुणामावशी अण्णांजवळ आली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "अण्णा, म्या कुठं मांडू?"

मासिकातल्या सगळ्या गव्हाच्या राशी, सगळी भाषणं, सगळ्या बैठका एका बाजूला आणि हा एवढासा प्रश्न एका बाजूला. अण्णा खाली पडलेलं लाल कापड गोळा करायला लागले. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी आईनं तिला हाताला धरून आमच्या कोपीपाशी आणलं आणि जेवायला बसवलं. ती बसली चार हात लांब.

त्याच हिवाळ्यात रेडिओवर बातमी आली की मॉस्कोतला लाल बावटा उतरवला. किसनकाका मुद्दाम घरी सांगायला आले. चिडवायला नाही, सांत्वनाला यावं तसे आले. "अण्णा, रशिया मोडला म्हनं." अण्णा म्हणाले, "ऐकलं." आणि रेडिओवर बाजारभाव लावले. लोकांना वाटतं त्या बातमीनं ते खचले. ते आधीच खचले होते, आमच्या लिंबाखाली.

ज्वारी निघाली आणि बांध पुन्हा घालायचं ठरलं. कुणी ठरवलं हेही आठवत नाही. दोरी धरून, जुन्या खुणा शोधून माणसं कामाला लागली. दोन वर्षांत ज्यांनी कुदळ हातात धरली की कंबर धरली, त्यांनी तीन दिवसांत सगळे बांध उभे केले. घामानं अंगं निथळत होती आणि चेहरे खुशीत होते. मला त्यांचा राग येतो आणि राग करवतही नाही. अण्णाही होते. आमचा बांध त्यांनी स्वतः घातला, एका रेषेत, किसनकाकांच्या हद्दीत बोटभर न सरकवता आणि आपलंही बोटभर न सोडता.

त्या दुपारी मी माजघरात तांदूळ निवडत होते. अण्णा जेवत होते. आई, जिनं सामायिक शेतीला पहिल्या दिवसापासून नाकं मुरडली होती, ती भाकरी वाढताना म्हणाली, "आपल्यातलं एक एकर गुणाला देऊन टाका. ओढ्याकडचं न्हाय तर वरचं. तुमी तिला शब्द दिलावता."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "शालूचं लग्न काढायचंय. लोक जमीन विचारतात."

आई म्हणाली, "एका एकरानं काय मोडतं?"

अण्णा म्हणाले, "मोडत न्हाय. पण आता नको."

मी आत ऐकत होते. उठून बाहेर जावं आणि म्हणावं, अण्णा, देऊन टाका, मला चालेल. एवढंच म्हणायचं होतं. मी तांदूळ निवडत राहिले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, चांगल्या घरी झालं, नोकरीवालं स्थळ. सोयरिकीत चौदा एकरांचा उल्लेख झाला होता. गुणामावशीचा पोरगा त्याच साली पुण्याला बांधकामावर गेला. अण्णा शेवटपर्यंत लाल बावट्याचे राहिले, एक मेला झेंडा लावायचे. पण जमीन कसणाऱ्याची असते हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात पुन्हा कधी ऐकलं नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती आणि मी एकुलती, त्यामुळं सातबाऱ्यावर आता माझं नाव आहे.

म्हणून यंदा शहरात न थांबता गावी गेले. मनाशी ठरवून गेले होते. एक एकर, वरचं, रस्त्याकडचं. गाडीत बसल्यापासून वाक्य घोकत होते. किसनकाकांचा मुलगा आमचं रान बटईनं करतो, त्यानं कोप उभी करून ठेवली होती. गुणामावशी आली. सत्तरीची झालीय, कमरेत वाकलीय. सोबत तिची सून. नवरा पुण्याहून फारसा येत नाही, म्हणून ही इथंच सासूजवळ राहते आणि रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. दोघी जेवायला बसल्या. मी दोघींना हाताला धरून जवळ बसवलं, तरी मावशी जरा मागं सरकलीच.

मी म्हणाले, "मावशी, अण्णांनी तुला शब्द दिला होता. वरचं एक एकर तुझ्या नावावर करते."

मावशीनं उंडा मोडता मोडता माझ्याकडं बघितलं. रागावली नाही, रडली नाही. "लई बरं वाटलं शालू, बोललीस ते," ती म्हणाली. "पर तवा पायजे व्हतं. तवा पोरगं जायाला निघाल्तं, त्याला धरून ठिवाया माज्याजवळ काय बी नव्हतं. आता म्या किती दिसाची? माज्या नावावर करून काय करू?"

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. माझं कर्तव्य झालं आणि एकरही राहिलं.

तिची सून ताटातून मान वर करून माझ्याकडं बघत होती. चाळीशीची बाई, हातांना खुरप्याचे घट्टे. सुनेच्या नावावर करते, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणजे कसणारीच की. ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं.

मी पळी उचलली आणि विचारलं, "भज्जी वाढू का अजून?"